‘कॉल’ची वाट पाहण्याचे वेतन मिळते का?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. आपली कन्या मेकॅनिकल डिप्लोमा करून रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट (सहायक इंजिनचालक) पदाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली आहे आणि तिला भुसावळ विभाग मिळण्याची शक्यता आहे, याबद्दल प्रथम तिचे अभिनंदन. आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. घरी असतानाही केव्हाही कॉल, म्हणजे ड्यूटीवर येण्याचे बोलावणे, येऊ शकतो, तर त्या अडकून पडलेल्या वेळेचा मोबदला रेल्वे देते का. आणि देत नसेल, तर तिने हे पद सोडून तंत्रज्ञाच्या भरतीची वाट पाहावी का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. घरी बसून कॉलची वाट पाहण्याचा वेळ हा कामाचा वेळ धरला जात नाही. तो विश्रांतीच्या खात्यात जातो. कामाचे तास लॉबीमध्ये, म्हणजे चालकांच्या हजेरी कार्यालयात, साइन-ऑन (हजेरीची नोंद) केल्यापासून मोजायला सुरुवात होते आणि साइन-ऑफला ते थांबतात. साधारणपणे दोन तास आधी कॉल दिला जातो. म्हणजे उठणे, आवरणे, डबा भरणे आणि लॉबी गाठणे हे सगळे तिच्या स्वतःच्या वेळात व्हावे लागते. याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे, परंतु घरी राहून फोनवर उपलब्ध असणे म्हणजे काम नव्हे, ही समजूत आपल्याकडील शासकीय सेवेत सर्वत्र आढळते. रात्री केव्हाही बोलावल्या जाणाऱ्या सरकारी डॉक्टरांचीही स्थिती फारशी वेगळी नाही.

मोबदला येतो तो दुसऱ्या वाटांनी. रनिंग स्टाफला, म्हणजे चालत्या गाडीवर काम करणाऱ्यांना, प्रवासभत्त्याऐवजी किलोमीटर भत्ता मिळतो, आणि मूळ वेतनाचा 30 टक्के भाग या भत्त्यातील वेतनांश मानून महागाई भत्त्यासारख्या काही लाभांसाठी जोडला जातो. निवृत्तिलाभांसाठी हेच प्रमाण 55 टक्के आहे. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेतील प्रत्येक तासामागे 10 मिनिटांचा जादा भार धरून रात्रपाळी भत्ता दिला जातो. वेतनस्तर 2 मधील 19,900 रुपये मूळ वेतनावर, महागाई भत्ता न धरता, पूर्ण रात्रीचे हे सुमारे 133 रुपये होतात. ही रक्कम पाहून कोणी रात्री जागायला तयार होईल असे मला वाटत नाही, म्हणून निर्णय या आकड्यावर घेऊ नये. रेल्वे अधिनियम, 1989 नुसार दोन आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला 54 तासांहून अधिक काम झाल्यास जादा तासांचे वेतन किमान दुप्पट दराने द्यावे लागते. मात्र या हिशेबातही घरी वाट पाहण्याचे तास येत नाहीत, हे लक्षात ठेवावे.

माझ्या मते आपण वेतनापेक्षा विश्रांतीचे नियम बारकाईने वाचावेत, कारण या नोकरीत माणूस थकतो तो तिथेच. फेरीची ड्यूटी 8 तास किंवा अधिक झाली असेल तर मुख्यालयी (नेमणुकीच्या ठिकाणी) 16 तास, कमी असेल तर 12 तास विश्रांती मिळते. शिवाय महिन्यातून किमान 30 तासांच्या चार किंवा, पूर्ण रात्र धरून, 22 तासांच्या पाच विश्रांत्या अधिनियमाने बंधनकारक केल्या आहेत. वाद आहे तो या दोन विश्रांत्या एकमेकींत मिसळण्याचा. 16 तासांवर वेगळे 30 तास, म्हणजे सलग 46 तास मिळावेत, अशी लोको पायलटांच्या संघटनेची मागणी असून 2024 साली दक्षिण रेल्वेतील लोको पायलटांनी यासाठी आंदोलनही केले होते. कागदावरची विश्रांती आणि खरी झोप यांत किती अंतर पडते, ते मुख्यतः मालगाड्यांवर असताना कळते. प्रवासी गाड्यांवर लिंक (फेऱ्यांचे वेळापत्रक) ठरलेली असल्याने पुढच्या फेरीचा अंदाज आधीच असतो. नव्या असिस्टंटला सुरुवातीची वर्षे बहुधा मालगाड्यांवरच काढावी लागतात.

आता निवडीविषयी. तंत्रज्ञ श्रेणी 3 चे सुरुवातीचे मूळ वेतनही 19,900 रुपयेच आहे आणि शेडमधील पाळ्या आधी ठरलेल्या असतात. दुसरीकडे, असिस्टंट पुढे लोको पायलट (गुड्स), म्हणजे मालगाडीचा चालक, झाल्यावर वेतनस्तर 6 मध्ये, म्हणजे 35,400 रुपयांवर जातो. मुलीची झोप अनियमित वेळीही पटकन लागत असेल आणि तिला स्वतःला इंजिनाची ओढ असेल, तर तिने हे पद घ्यावे असे मी म्हणेन. देशातील पहिल्या महिला रेल्वेचालक, साताऱ्याच्या सुरेखा यादव 1989 पासून याच मार्गाने असिस्टंट पदापासून वर आल्या. आपली काळजी रात्री दोन वाजता लॉबीपर्यंत जाण्याची असेल, तर ती रास्त आहे आणि तिच्यावर उपायही आहे: क्वार्टर किंवा भाड्याची खोली लॉबीच्या जवळच पाहावी, भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल.

तंत्रज्ञ भरतीची जाहिरात निघाल्यास, तिची पात्रता त्यात बसत असेल तर, तो अर्जही भरून ठेवावा. असिस्टंट लोको पायलटला ए-1 दर्जाची, चष्म्याविना 6/6 दृष्टी लागते आणि लेझर शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र ठरतो. म्हणून रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीपूर्वी तिचे डोळे एकदा नेत्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत.

आपला,
करिअर मार्गदर्शक