रेकॉर्डवरची बुरशी मशीनने जाते का?

प्रश्न: माळ्यावर आजोबांच्या ४०-५० रेकॉर्ड्स सापडल्या, बऱ्याचशा नाट्यसंगीताच्या. पांढरे ठिपके पडलेत आणि लावल्या की नुसती चरचर. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये धुतल्या तर चालेल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: चालेल, पण आधी ७८ स्पीडच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) रेकॉर्ड्स बाजूला काढा, त्या बहुतेक लाखेच्या असतात आणि मशीनच्या पाण्यात घालतात त्या क्लीनरमधल्या अल्कोहोलने लाख विरघळते, मग ते गाणं कायमचं गेलंच, म्हणून प्लीज त्या या मशीनमध्ये घालूच नका. एलपी, म्हणजे ३३ स्पीडच्या रेकॉर्ड्स, विनाइल या प्लास्टिकच्या, त्यांना मात्र हे मशीन खरंच मस्त. ४० किलोहर्ट्झच्या, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि ब्रश पोचत नाही तिथली खाचेतली घाण सुटते. पाणी डिस्टिल्डच घ्या, नळाच्या पाण्यातले क्षार खाचेत बसतात. मशीन चालता चालता पाणी आपोआप तापतं, म्हणून अधूनमधून मशीन बंद करून हात घालून बघत राहा, कोमटच्या वर गेलं तर थांबवा नाहीतर रेकॉर्ड वाकेल. लेबल पाण्याच्या वर राहू दे. ओरखडे जाणार नाहीत हं, ते राहणारच. आणि धुतलेली रेकॉर्ड परत त्याच जुन्या कागदी पाकिटात घालू नका, बुरशी तिथेच बसलेली असते, नवीन आतली पाकिटं आणा.