नवीन एलपी (लाँग-प्ले रेकॉर्ड) घेण्याआधी एवढं बघ
अरे रेकॉर्डची क्रेझ परत आलीय ते बरंच झालं, पण "अ‍ॅनालॉग साउंड" म्हणत महागडं नवीन प्रेसिंग (नव्याने छापलेली रेकॉर्ड) लगेच उचलू नको, त्यातल्या बऱ्याच डिजिटल मास्टरवरूनच (मूळ गाण्याच्या डिजिटल प्रतीवरूनच) कापलेल्या असतात. त्यापेक्षा मुंबईत चोर बाजारात चक्कर मार, कव्हरवर भुलू नको, रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात तिरकी धर, चरा नखाला लागला तर सोडून दे. आणि ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) लाखेच्या तबकड्या मिळाल्या तर एलपीच्या सुईवर अजिबात नको, त्यांची खाच रुंद असते, सुई वेगळी लागते, शिवाय स्पिरिटने पुसल्यास तर लाखच विरघळेल. स्वस्तातला सुटकेस प्लेअर दिसतो क्यूट (इन्स्टावाल्यांना लखलाभ), पण बऱ्याचशांत सुईचा भार जास्त आणि तो अ‍ॅडजस्टही होत नाही, त्यापेक्षा पैसे चांगल्या कार्ट्रिजवर (सुई बसवलेला भाग) घाल. ठेवताना उभ्याच ठेव, उन्हापासून लांब.