दारू सुटली, झोपेची गोळी लागली

प्रश्न : यजमानांची दारू सुटून तीन महिने झाले. दवाखान्यात लिब्रियम (दारू तोडताना होणारा त्रास आवरणारी गोळी) आठ दिवस दिली होती. आता झोप येत नाही म्हणून ते मेडिकलमधून अल्प्राझोलाम ०.५ मि.ग्रॅ. ही गोळी आणतात. एकीच्या तीन झाल्या. गोळ्या लपवून ठेवू का?

उत्तर : लपवू नका. रोजची गोळी एकदम तुटली तर फिट येऊ शकते, दारू अचानक बंद केल्यावर येते तशीच. दोन्हींचा परिणाम मेंदूतल्या एकाच, मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ यंत्रणेवर होतो. म्हणून तर पहिल्या आठवड्यात लिब्रियम कामाची असते. रोज मात्रा उतरवत ती थांबवायची असते. अल्प्राझोलामही त्याच जातकुळीची; पुढे ती घरी चालू राहिली, की बाटलीची जागा पाकीट घेतं. एकीच्या तीन होणं हीच त्याची खूण.

व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांना खरा आकडा सांगा, चोरून घेतलेल्या गोळ्यांसकट. ते दर एक-दोन आठवड्यांनी थोडी थोडी मात्रा उतरवतील. मात्रा उतरवताना कधी कधी याच जातकुळीतलं डायझेपाम देतात; पण यकृत खराब असेल तर ते शरीरात साचतं, तेव्हा गोळी बदलायचं तेच ठरवतील. दारू सुटल्यावर झोप काही महिने तुटक राहतेच. दुपारची झोप आणि चारनंतरचा चहा बंद करून पाहा.

गोळीवर दारू प्यायले, हलवूनही जागे होत नाहीत, घोरणं अडखळतंय, तर ‘झोपू दे’ म्हणू नका. कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, रिकामं पाकीट सोबत न्या.