तलावाकाठच्या सरकारी जागेवर विनापरवाना बांधकाम चालू आहे. आम्ही शेजाऱ्यांनी ते कसं थांबवावं?

काम चालू असतानाच महापालिका किंवा नगरपरिषदेकडे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 54 खाली 'काम थांबवा' नोटीस मागा. त्याच दिवशी तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 50 खाली अतिक्रमण काढण्याचा अर्ज द्या. दोन्हींच्या प्रतींवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. तोंडी तक्रारीला काडीची किंमत नसते. अर्जाला सातबारा, गाव नकाशा आणि तारीख-वेळ दिसणारे फोटो जोडा. फोटोत भिंतीइतकाच मुरमाचा भरावही दिसू द्या, कारण आधी काठ बुजवतात, मग त्यावर जोतं येतं. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की समोरचा 'ही कोरडी जमीन माझीच' म्हणतो, म्हणून तलाव भरलेला असतानाचा फोटो हवाच.

बहुतेक प्रकरणं हद्दीवरच अडतात. भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्द कायम करा, अशी मागणी अर्जातच लिहा. तरीही हालचाल नसेल तर पुण्यातलं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण (पर्यावरणाचे वाद ऐकणारं) आहे. पण तिथे त्याच्याच कायद्याच्या कलम 14 खाली वादाचं कारण घडल्यापासून 6 महिन्यांतच जावं लागतं (फार तर 60 दिवस वाढवून मिळतात).

मात्र जागा खरोखर सरकारी असेल तरच कलम 50 लागू. खासगी गटात विनापरवाना बांधकाम असेल तर ते चालणार नाही, नगररचनेचा रस्ता उरतो.