वाचकांचे प्रश्न : कवितेचा ऑनलाइन तास

प्रश्न : सातवी-आठवीच्या मुलांना कविता ऑनलाइन शिकवते. सगळ्यांनी मिळून म्हणायला लागले की गोंधळ होतो आणि हळू आवाजातल्या ओळी तर गायबच होतात. काय करावे?

उत्तर : थेट तासात सामूहिक वाचन जमणार नाही, तो हट्ट सोडा. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळ्या उशिराने पोहोचतो. शिवाय अनेकजण एकदम बोलले की अ‍ॅप एखादा आवाज पुढे करून बाकीचे दाबते. यात मुलांची काहीच चूक नाही. एकाचाच माइक सुरू ठेवा. बाकीच्यांनी माइक बंद करून, पण मोठ्यानेच म्हणावे. कोण म्हणते आहे ते ओठांवरून कळते. ओळ संपली की पुढच्याची पाळी.

समूहाचा नाद हवाच असेल, तर तुमचे वाचन रेकॉर्ड करून पाठवा. सुरुवातीला एक टाळी वाजवा. मुलांनी ते इअरफोनवर ऐकत त्याच लयीत म्हणावे, टाळीला टाळी द्यावी आणि आपापला आवाज रेकॉर्ड करावा. मग ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाळ्या एकाखाली एक जुळवल्या की झाले.

हळू ओळी गायब होतात, कारण गोंगाट गाळणारी यंत्रणा कुजबुज आणि लांबवलेला स्वरही गोंगाटातच धरते. झूममध्ये म्हणणाऱ्याने ‘ओरिजिनल साउंड’, म्हणजे आवाज न गाळता पाठवण्याची सोय, सुरू करावी. इअरफोन मात्र हवेच, नाहीतर आवाज घुमतो. माइक तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला असावा, म्हणजे प, फ, भ म्हणताना फुंकरीचे धपके बसत नाहीत. आणि विराम! पडद्यावर तीन सेकंद शांतता पसरली की ऐकणाऱ्याला नेट गेले असे वाटते. म्हणून त्या क्षणी कागदातून मान वर काढून कॅमेऱ्याकडे पाहायला शिकवा. इतक्याने विराम जिवंत राहतो.

प्रश्न : ‘अर्थ काय?’ विचारले की सगळे गप्प.

उत्तर : अर्थ शेवटी विचारा. आठ-दहा ओळींचीच कविता घ्या आणि आधी मनात राहिलेला एक शब्द विचारा. तो चॅटमध्ये लिहून ठेवायचा, पण तुम्ही ‘आता’ म्हणेपर्यंत पाठवायचा नाही. नाहीतर पहिल्याचे उत्तर पाहून बाकीचे तेच लिहितात. दुसऱ्या वाचनात श्वास कुठे थांबतो तिथे खूण करायला सांगा. बोलणे तिथून सुरू होते.

प्रश्न : मुले यमक जुळवतात, पण ओळी लंगड्या पडतात.

उत्तर : अष्टाक्षरीपासून सुरुवात करा. ओळीत आठ अक्षरे, जोडाक्षर एकच धरायचे. मात्रा, म्हणजे अक्षर उच्चारायला लागणारा वेळ, मोजायला नंतर शिकवा, कारण दोन्ही हिशेब एकत्र आले की मुले गोंधळतात : ‘शब्द’मध्ये अक्षरे दोन, मात्रा मात्र तीन, कारण जोडाक्षराआधीच्या ‘श’च्या दोन धरतात.

यमकापायी व्याकरण कसे मोडते तेही दाखवा. ‘दार उघडे राहिले, ऊन हळूच पाहिले’ : अक्षरे बरोबर, पण कोणी कोणाला पाहिले? उन्हाने पाहिले म्हणायचे होते. आठात बसवताना ‘ने’ गळला. ‘उन्हाने आत पाहिले’ केले की हिशेबही जुळतो आणि चित्रही उभे राहते. अशी दुरुस्ती सामायिक फाइलमध्ये करा, पण वर्गमित्रांना फक्त टिप्पणीची परवानगी द्या. ओळ बदलायचा हक्क लिहिणाऱ्याचाच.