उधाणाचं पाणी ४०७च्या पोटात

प्रश्न : काका, नमस्कार. मी बेलापूरच्या दिवाळे गावचा. आमची टाटा ४०७ बाबांनी घेतलेली, आता बाबा नाहीत. गाडी मासळी आणि बर्फ वाहते. गेल्या अमावास्येला वादळी वारा आणि उधाण एकदमच आलं. गाडी जेटीच्या रस्त्यावर उभी होती, खाडीचं पाणी सीटच्या खालपर्यंत चढलं आणि चारेक तास राहिलं. सकाळी पोराने सेल्फ मारला तर नुसतं 'टक्' झालं, इंजिन फिरलं नाही. मिस्त्री म्हणतो, ऑइल मोजायच्या पट्टीवर ऑइल स्वच्छ दिसतंय म्हणजे आत पाणी नाही, टोचन लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढून, चालू करू, चालली की सुकेल. करू का? गाडी विकायची नाही. — एक वाचक, दिवाळे

उत्तर : दादा, टोचन लावायचं नाही. पोराला रागावू नका, पण चावी त्याच्याकडून काढून घ्या आणि बॅटरीची वायर आजच सोडवा, निगेटिव्ह आधी.

आता मिस्त्रीच्या पट्टीबद्दल. ऑइल दुधाळ होतं ते इंजिन फिरून पाणी आणि तेल घुसळलं गेलं की. तुमचं इंजिन फिरलेलंच नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, तळाशी जाऊन बसतं आणि पट्टीला वरचं स्वच्छ तेल लागतं. पट्टीवर रंग बघू नका, लेव्हल बघा. खुणेच्या वर गेली असेल तर आत पाणी आहे. खात्री करायची तर गाडी सपाट जागी उभी असताना चेंबरचा ड्रेन बोल्ट अगदी हळू सैल करा आणि खाली पांढरा डबा धरा. आधी पाणी येईल, मग तेल.

ते 'टक्' कशाचं, हे इथून सांगता येणार नाही. सेल्फमध्ये पाणी असेल, बॅटरी बसली असेल, किंवा सिलिंडरमध्ये पाणी असेल. तिसरं असेल तर धक्क्याने पिस्टनचा रॉड वाकतो, कारण हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हे मी स्वतः करून बसलोय. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा माझं गॅरेज कळव्याला होतं. पाणी ओसरल्यावर गिऱ्हाईक घाई करत होतं म्हणून एका टेम्पोला चार पोरं लावून धक्का मारला. एकच ठोका ऐकू आला. रॉडचे पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हा सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोझल काढा, एअर फिल्टर उघडून बघा, पुढच्या पुलीवर पाना लावून इंजिन हाताने दोन-तीन फेरे फिरवा. पाणी असेल तर नोझलच्या भोकातून बाहेर येईल. तोंड लांब ठेवा. डिझेलची टाकीही रिकामी करा.

मिठाचं वेगळं आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीत अर्धा किलो. पावसाळ्यात खाडीत ते कमी होतं, संपत नाही. आणि जुलैत घरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? हवेत दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पाट्यांच्या (चाकावरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) पानांमध्ये बसलेलं मीठ तसंच रोज ओलं होणार. मिस्त्रीचं 'सुकेल' म्हणूनच खोटं. गाडी सुकवायची घाई नाही, आधी गोड्या पाण्याने धुवायची घाई आहे. एअर फिल्टर आणि नोझलची भोकं बंद करून मगच पाईप हातात घ्या.

धुताना लोक बॉडी चमकवतात, ती शेवटी. पाईप चासीच्या आतल्या बाजूला धरा, क्रॉस मेंबरच्या (चासीच्या आडव्या दांड्यांच्या) कोपऱ्यांत, टाकीच्या पट्ट्याखाली, मडगार्डच्या वरच्या कडेला. पाटे मात्र उतरवून एकेक पान सोडवा, ब्रशने धुवा, ग्राफाइट ग्रीस लावून परत बांधा. पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो आणि तो गंज वरून दिसत नाही. मोठ्या प्रेशरचा फवारा वायरिंगच्या कपलरवर (जोडांवर) मारू नका, पाणी आणखी आत जातं.

हँडब्रेक सोडून ठेवा, चाकांना दगड लावा. नाहीतर ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. चारही ड्रम उघडायचे, व्हील सिलिंडरची रबरं बघायची, ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं. हबचं जुनं ग्रीस काढून बेअरिंग रॉकेलने धुवायचे. गिअरबॉक्स आणि मागच्या हाऊसिंगचं (मागच्या अ‍ॅक्सलचं) तेलही काढा, ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, पाणी तिथेही जातं. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) नवीन ग्रीस इतकं मारा की जुनं बाहेर पडेल.

इंजिन मोकळं फिरलं की नवीन फिल्टर आणि स्वस्तातलं ऑइल घालून दहा-पंधरा मिनिटं आयडलवर चालवा, काढून टाका, मग चांगलं ऑइल आणि पुन्हा फिल्टर. पहिल्या खेपेला दुधाळ निघालं तर आणखी एकदा.

वायरिंगचं कोणी खरं सांगत नाही. तांब्याला हिरवट गंज धरला की तो वायरच्या आवरणाखाली सरकत जातो. हेडलाईटजवळ एका वायरचं इंचभर साल काढा. आत तांबं काळं दिसलं तर तुकडे जोडत बसू नका, अख्खं हार्नेस (वायरिंगचा पूर्ण जुडगा) नवीन टाका. ४०७ जुनी, त्यात कॉम्प्युटर नाही, हे तुमचं नशीब. सेल्फ आणि अल्टरनेटर उघडून गोड्या पाण्याने धुवून, सुकवून बांधता येतात.

विमा असेल तर हे सगळं उघडण्याआधी कंपनीला कळवा आणि केबिनमधली पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा. सर्व्हेअर येईपर्यंत बाहेरून आणि चासीला पाणी मारायला हरकत नसते, पण त्यांना विचारून. सेल्फ मारल्याचं लपवू नका.

पुढच्यासाठी : चासीला जळकं ऑइल फासायची आपल्याकडे रीत आहे. गंज थांबतो हे खरं, पण रबरी बुश फुगतात आणि पहिल्या पावसात ते सगळं खाडीत. गंजावरून डांबरी कोटिंग तर मुळीच नको, मीठ आत कोंडलं जातं. आधी घासून लोखंड उघडं करा, मग प्रायमर, मग रंग. चासीच्या पोकळीत मेणाचा स्प्रे. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे दोन-तीन दिवस भरतीचं कोष्टक बघून गाडी वर बेलापूरच्या रस्त्याला लावा. हे दिवाळ्याच्या माणसाला मी सांगायचं म्हणजे जरा आगाऊपणाच, पण होड्या वर ओढता ना, मग गाडी का नाही?

हौद्याच्या फळ्याही काढा, त्यांच्याखालची चॅनेलं सगळ्यात आधी सडतात. काढताना प्रत्येक फळीवर खडूने नंबर टाका, नाहीतर परत बसवताना बोल्टांची भोकं जुळणार नाहीत.