सिंगापूरला मुलासकट जाताय? आधी शाळेचं बोलू

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मिस्टरांना सिंगापूरची नोकरी लागलीये, मुलगा मुलुंडला चौथीत आहे, चित्रांत रमतो पण पाठांतरात मागे पडतो. तिथली सरकारी शाळा त्याला मानवेल का, असं विचारलंय तुम्ही. आम्ही नऊ वर्षं तिथे आहोत, मुलगी जानेवारीत सहावीला जाईल. तिथे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे सध्या सुट्टीला लालबागला माहेरी आलेय. निवांत लिहिते.

परवाचीच गोष्ट. माझा भाचा गणिताला अडला होता: राजूकडे मीनापेक्षा १२ गोट्या जास्त, दोघांच्या मिळून ४८, तर प्रत्येकाकडे किती? तो विचारत होता, 'सूत्र कुठलं लावायचं?' लेकीने वहीच्या मागच्या पानावर दोन आडव्या पट्ट्या काढल्या, एक थोडी लांब. लांब पट्टीचा जादा तुकडा बोटाने झाकला. 'आता उरले ३६, दोघांना सारखे.' भाचा लगेच म्हणाला, १८ आणि ३०! तिथे गणित असंच शिकवतात. आधी हातात वस्तू, मग चित्र, आकडेमोड शेवटी. चित्रात रमणाऱ्या मुलाला याचा फार आधार होतो.

हे एका वर्षात झालेलं नाही. 'विचार करणाऱ्या शाळा' हे धोरण १९९७ साली तेव्हाचे पंतप्रधान गोह चोक तोंग यांनी मांडलं. पुढे 'शिकवा कमी, शिकू द्या जास्त' म्हणत अभ्यासक्रमाला कात्री लावली. पहिली-दुसरीच्या परीक्षा २०१९ पासून बंद झाल्या, आणि २०२३ पर्यंत सहामाहीही सगळ्या वर्गांतून गेली. लेकीच्या पहिलीत पालकसभेला गेले तेव्हा मी सवयीने मार्क विचारले. बाईंनी तिला काय जमतं आणि कुठे हात धरावा लागतो, एवढंच सांगितलं. घरी येईपर्यंत मला चुकल्यासारखं होत होतं.

सगळ्यात मोठा बदल माध्यमिकचा. पूर्वी सहावीच्या परीक्षेवरून मुलांच्या हुशार, मध्यम, कच्ची अशा वाटा पडायच्या आणि शिक्का बसायचा. २०२४ पासून त्या वाटा बंद झाल्या. आता वर्ग एकत्र असतो, पण एखादं मूल गणित वरच्या पातळीवर आणि भाषा खालच्या पातळीवर घेऊ शकतं. प्रत्येक मुलाप्रमाणे शिक्षण म्हणतात ते मला तिथे खरं दिसतं. पिसा म्हणजे देशोदेशींच्या पंधरा वर्षांच्या मुलांची चाचणी; २०२२ च्या पिसात सर्जनशील विचारात सिंगापूर ६० पैकी ४१ गुण मिळवून पहिलं आलं.

पण ताई, सहावीची परीक्षा आजही आहे. २०२१ पासून गुण इतर मुलांशी तुलना करून ठरत नाहीत, ९० च्या वर गेलात की वरची श्रेणी मिळतेच. तरी घराघरांतली धाकधूक तशीच आहे. तिथल्या कुटुंबांनी २०२३ साली ट्युशनवर १८० कोटी सिंगापूर डॉलर खर्च केले. २०१८ साली ते १४० कोटी होते. सरकारने परीक्षा काढल्या, पण पालकांनी शनिवार-रविवार भरून टाकले. मीही लेकीला तिसरीत दोन क्लास लावले होते. तिने चित्रं काढणंच सोडलं, तेव्हा एक बंद केला. त्यामुळे तुमचा मुलगा कितपत मोकळा होईल हे निम्मं तुमच्यावर आहे.

प्रवेशाचं मात्र सोपं नाही. परदेशी मुलांना इंग्रजी आणि गणिताची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पास झालं तरी जागा मिळेलच असं नाही, आणि शाळा शिक्षण खातं ठरवतं. फी स्थानिक मुलांपेक्षा खूप जास्त. आंतरराष्ट्रीय शाळेत जागा मिळणं सोपं, पण खर्च अनेक पटींनी; म्हणून करारावर सही करण्याआधी मिस्टरांना मुलाच्या फीचं कंपनीशी बोलून घ्यायला सांगा.

आणखी एक, मातृभाषेच्या तासाला हिंदी, गुजराती, बंगाली चालते, मराठी नाही. आमची लेक हिंदी घेते, मराठी घरी. रोज झोपताना एक गोष्ट मराठीत, ती मी कधी चुकवली नाही.

चौथीत आहे म्हणजे सहावीची परीक्षा जवळच. उशीर केलात तर रुळायलाच वेळ मिळणार नाही. आतापासून रोज अर्धा तास इंग्रजी गोष्टी मोठ्याने वाचून घ्या, आणि मिस्टरांच्या रुजू होण्याचा दिवस प्रवेश परीक्षेची तारीख बघून मगच ठरवा.